रीमा लागू : ‘आई’च्या पदराआड राहिलेली विनोदी अभिनेत्री

मराठी रंगभूमी, हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत जवळजवळ चार दशके सातत्याने वावरलेल्या रीमा लागू यांचे नाव काढले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातील प्रेमळ आई उभी राहते. ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘कुछ कुछ होता है’ अशा लोकप्रिय चित्रपटांनी ही प्रतिमा घट्ट केली. तथापि, ज्या माध्यमाने त्यांना दुय्यम भूमिकांतून बाहेर काढून कथानकाच्या केंद्रस्थानी आणले, ते दूरचित्रवाणीचे होते. आणि ज्या रसात त्यांची हुकमत सर्वाधिक निर्विवाद ठरली, तो विनोदाचा होता. ‘श्रीमान श्रीमती’मधील कोकिळा कुलकर्णी आणि ‘तू तू मैं मैं’मधील देवकी वर्मा या दोन व्यक्तिरेखांनी १९९० च्या दशकातील भारतीय घराघरांत हसू पेरले. १८ मे २०१७ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीचा आलेख पाहता एका गंभीर नाट्यअभिनेत्रीचा विनोदापर्यंतचा प्रवास तर दिसतोच. शिवाय चित्रपटसृष्टी अभिनेत्रीच्या वयाशी कसा व्यवहार करते, याचाही तो एक बोलका दाखला ठरतो.

घराण्याचा वारसा आणि पुण्यातील शाळा

रीमा लागू यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांचा जन्म २१ जून १९५८ रोजी झाला. आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री. वसंत कानेटकर यांच्या ‘लेकुरे उदंड जाहली’ या गाजलेल्या नाटकातील त्यांचे काम जुन्या नाट्यरसिकांच्या विशेष स्मरणात राहिले. त्यामुळे नाटकाच्या तालमी, दौरे, रंगभूषेचा वास आणि तिसऱ्या घंटेची हुरहूर या गोष्टी नयनला घरातच परिचयाच्या झाल्या. बालवयात काही चित्रपटांत तिने छोट्या भूमिकाही केल्या.

शालेय शिक्षणासाठी ती पुण्यातील हुजूरपागा शाळेत आली. लक्ष्मी रस्त्यावरील ही मुलींची शाळा एकोणिसाव्या शतकात, स्त्रीशिक्षणाला समाजातून कडवा विरोध होत असताना स्थापन झाली. शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची एक मोठी परंपरा या शाळेने महाराष्ट्राला दिली. नयनच्या अंगचे अभिनयगुण याच शाळेत लक्षात आले. शालेय शिक्षण संपताच तिने व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल टाकले.

१९७८ मध्ये नट विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यानंतर नयन भडभडे ‘रीमा लागू’ झाल्या आणि पुढे याच नावाने सर्वत्र ओळखल्या गेल्या. काही वर्षांनी हे दांपत्य विभक्त झाले. त्यांची कन्या मृण्मयी हीदेखील अभिनय, लेखन आणि दिग्दर्शनाच्या क्षेत्रात आली. २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘थप्पड’ या हिंदी चित्रपटाचे लेखन तिने अनुभव सिन्हा यांच्यासमवेत केले. अशा रीतीने मंदाकिनीबाईंपासून सुरू झालेली कलेची वाट या घरात तीन पिढ्या चालत राहिली.

बँकेची नोकरी आणि नाटकाची तालीम

१९७९ पासून सुमारे दहा वर्षे रीमा लागू यांनी मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियामध्ये नोकरी केली. आजच्या वाचकाला हा तपशील किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. परंतु त्या काळच्या मराठी रंगभूमीचे अर्थकारण समजून घ्यायचे, तर तो महत्त्वाचा आहे. नाटकाच्या प्रयोगामागे मिळणाऱ्या ‘नाइट’वर संसार चालवणे फार थोड्या कलावंतांना शक्य होते. म्हणून दिवसा बँक, विमा कंपनी, रेल्वे किंवा सरकारी कचेरी आणि संध्याकाळी तालीम किंवा प्रयोग, असा दुहेरी दिनक्रम कित्येक नामवंत नटनट्यांनी वर्षानुवर्षे पाळला. बँकांच्या आंतरबँक नाट्यस्पर्धा हे त्या काळी कलावंत घडवणारे एक मोठे केंद्र होते. रीमा लागूही अशा कार्यक्रमांत हिरिरीने भाग घेत.

या नोकरीने आर्थिक स्थैर्य दिले. नाटक निवडताना पैशांपेक्षा भूमिकेकडे पाहण्याची मोकळीक अशा स्थैर्यातूनच मिळते. त्यांच्या त्या काळातील नाटकांची निवड पाहिली, की या मोकळिकीचा अर्थ उमगतो.

रंगभूमीवरची दोन आव्हाने

१९८० च्या दशकातील दोन नाटकांनी रीमा लागू यांचे नाव मराठी रसिकांच्या मनावर कोरले गेले. पहिले जयवंत दळवी यांचे ‘पुरुष’. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात सत्तेच्या मस्तीत वावरणाऱ्या गुलाबराव या पुढाऱ्याची भूमिका नाना पाटेकर यांनी, तर त्याच्या अत्याचाराला बळी पडणाऱ्या आणि अखेर स्वतःच न्याय करणाऱ्या अंबिका या शिक्षिकेची भूमिका रीमा लागू यांनी केली. मध्यमवर्गीय घरातील सुशिक्षित मुलगी, तिचा आदर्शवाद, त्याचा झालेला चुराडा आणि त्या ढिगाऱ्यातून उभी राहिलेली थंड, निश्चयी स्त्री असा लांबचा पल्ला एका संध्याकाळी गाठायचा होता. नाना पाटेकरांच्या आक्रमक अभिनयापुढे तोल न ढळू देता उभे राहणे, हीच मुळात कसोटी होती.

दुसरे नाटक शेखर ताम्हाणे लिखित ‘सविता दामोदर परांजपे’. वरकरणी सुखी दिसणाऱ्या एका गृहिणीत दुसरीच एक स्त्री वावरू लागते, असे हे गूढ आणि अंगावर काटा आणणारे कथानक. एकाच देहातून दोन वेगवेगळ्या स्त्रिया प्रेक्षकांना दिसाव्यात, त्याही रंगभूषा किंवा वेशभूषेच्या आधाराशिवाय, केवळ आवाज, नजर आणि शरीराच्या ठेवणीतून, ही या भूमिकेची मागणी होती. या नाटकावर २०१८ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, तेव्हाही जुन्या प्रेक्षकांनी रीमा लागू यांच्या प्रयोगाची आठवण काढली.

या दोन्ही नाटकांत विनोदाला वाव नव्हता. तरीही त्यांच्या पुढील विनोदी कामाची मुळे येथेच शोधावी लागतात. व्यक्तिरेखेवर पूर्ण विश्वास ठेवून, प्रसंग कितीही टोकाचा असला तरी तो खरा मानून वागणे, ही शिस्त त्यांना गंभीर रंगभूमीने दिली. विनोदी नटासाठी याहून मोठे भांडवल नसते.

पडद्यावरील पहिली पावले

रंगभूमीबरोबरच चित्रपटांतही त्यांचा प्रवेश लवकर झाला. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ या १९७९ च्या चित्रपटात त्यांची भूमिका होती. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर आधारित आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा लाभलेला हा चित्रपट मराठी राजकीय चित्रपटांचा मानदंड मानला जातो. त्यानंतर गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ आणि श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ अशा समांतर धारेतील महत्त्वाच्या हिंदी चित्रपटांत त्या दिसल्या. भूमिका छोट्या असल्या, तरी संगत उत्तम होती. १९८५ मध्ये ‘खानदान’ या मालिकेद्वारे हिंदी दूरचित्रवाणीशी त्यांचा संबंध आला.

खरे वळण आले ते १९८८ मध्ये. ‘कयामत से कयामत तक’ या चित्रपटात त्या जूही चावलाच्या आई झाल्या. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तिशीचे होते. पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमान खानची आई, १९९० मध्ये ‘आशिकी’त राहुल रॉयची आई, १९९१ मध्ये ‘साजन’मध्ये पुन्हा सलमानची आई, १९९३ मध्ये ‘गुमराह’मध्ये श्रीदेवीची आई अशी मालिकाच सुरू झाली.

वयाचे गणित

या भूमिकांमागचे वयाचे गणित मांडून पाहण्याजोगे आहे. सलमान खान यांचा जन्म डिसेंबर १९६५ मधील. म्हणजे पडद्यावरची ही माता आपल्या पुत्रापेक्षा साडेसात वर्षांनी मोठी होती. श्रीदेवी यांचा जन्म १९६३ चा. अंतर पाच वर्षांचे. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर संजय दत्त यांच्या आईची भूमिका त्यांनी केली. संजय दत्त जुलै १९५९ मध्ये जन्मलेले. म्हणजे माता आणि पुत्र यांच्यात अवघे तेरा महिन्यांचे अंतर! ज्या वयात पुरुष नट महाविद्यालयीन युवकाच्या भूमिका बिनदिक्कत करीत होते, त्या वयात एका कसलेल्या अभिनेत्रीच्या केसांना पांढरा रंग लावला जात होता.

हा अन्याय केवळ त्यांच्याच वाट्याला आला असे नाही. निरुपा रॉय यांच्यापासून राखी यांच्यापर्यंत अनेकींना हाच अनुभव आला. रीमा लागू यांनी मात्र या मर्यादेतही काही नवे केले. त्यांच्यापूर्वीची पडद्यावरची आई बहुधा शिवणयंत्रावर राबणारी, खोकणारी, दैवाने गांजलेली असे. रीमा लागू यांची आई नेटकी साडी नेसणारी, हसरी, मुलांच्या प्रेमप्रकरणात त्यांची बाजू घेणारी आणि गरज पडल्यास नवऱ्यालाही चार शब्द सुनावणारी होती. उदारीकरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शहरी मध्यमवर्गाला ती आपल्या घरातली वाटली. ‘वास्तव’मध्ये याच प्रेमळ प्रतिमेला त्यांनी स्वतःच तडा दिला. गुन्हेगारीच्या गर्तेत पार बुडालेल्या मुलावर आपल्या हाताने गोळी झाडणारी आई त्यांनी उभी केली, तेव्हा प्रेक्षागृहे सुन्न झाली. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चार चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. पुरस्काराने मात्र चारही वेळा हुलकावणी दिली.

१९९४ : एकाच वर्षात तीन घरे

रीमा लागू यांच्या कारकिर्दीत १९९४ या वर्षाचे स्थान वेगळे आहे. या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ प्रदर्शित झाला आणि त्यात माधुरी दीक्षित व रेणुका शहाणे यांच्या आईच्या भूमिकेत त्या देशभर पोहोचल्या. त्याच वर्षी ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन विनोदी मालिका सुरू झाल्या. चित्रपटात त्या सोज्वळ विहीणबाई होत्या, एका मालिकेत मध्यमवयीन नवऱ्याला ताळ्यावर आणणारी बायको आणि दुसऱ्या मालिकेत सुनेशी सतत खटके उडवणारी सासू. एकाच अभिनेत्रीने एकाच काळात उभी केलेली ही तीन घरे प्रेक्षकांनी तितक्याच आपुलकीने स्वीकारली.

कोकी : गोंधळाच्या मध्यभागी शांत उभी असलेली स्त्री

अधिकारी बंधूंची निर्मिती असलेली आणि राजन वाघधरे यांनी दिग्दर्शित केलेली ‘श्रीमान श्रीमती’ १९९४ ते १९९७ या काळात दूरदर्शनवर गाजली. कथानकाचा सांगाडा साधा. शेजारी राहणारी दोन जोडपी. एकीकडे केशव कुलकर्णी आणि त्याची पत्नी कोकिळा ऊर्फ कोकी. दुसरीकडे चित्रपट अभिनेत्री प्रेमा शालिनी आणि तिचा नवरा दिलरुबा. केशवचे लक्ष प्रेमाकडे, तर दिलरुबाचे कोकीकडे. जतीन कनाकिया, अर्चना पूरणसिंग आणि राकेश बेदी या तिघांच्या भूमिका मुळातच भडक रंगांच्या होत्या. हावभाव मोठे, आवाज चढे, लकबी ठसठशीत.

या तिघांच्या मध्ये रीमा लागू यांनी कोकीला मुद्दाम स्थिर ठेवले. विनोदी नाटकात प्रत्येकच पात्र उड्या मारू लागले, तर प्रेक्षकाला हसायला आधार उरत नाही. कोणीतरी एकाने सामान्य माणसासारखे वागावे लागते. त्याच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांचा वेडेपणा मोजला जातो. कोकी हे ते माप होते. नवऱ्याची थाप तिने ओळखलेली असे, प्रेक्षकांनाही ती ओळखू आलेली असे. पण ती थाप पकडण्यापूर्वी कोकी क्षणभर थांबे. त्या क्षणभराच्या विरामात हशा पिके. लेखकाने लिहिलेला विनोद संवादात असतो, नटाने घडवलेला विनोद अशा विरामात असतो.

हिंदी मालिकेत ‘कुलकर्णी’ हे आडनाव असलेले कुटुंब मुख्य स्थानी यावे आणि त्यातील गृहिणीचे काम मराठी रंगभूमीवर घडलेल्या अभिनेत्रीने करावे, यालाही महत्त्व होते. या मालिकेचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘भाभीजी घर पर हैं’ या मालिकेचा साचा ‘श्रीमान श्रीमती’वरूनच सुचलेला होता, तर २०१८ मध्ये नव्या नटसंचात ‘श्रीमान श्रीमती फिर से’ आली. जतीन कनाकिया यांचे १९९९ मध्ये अकाली निधन झाले आणि कोकी-केशव ही जोडी पुन्हा पडद्यावर येण्याची शक्यता संपली.

देवकी : भांडणाची लय

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘तू तू मैं मैं’ प्रथम दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आणि नंतर स्टार प्लसवर दिसली. देवकी वर्मा ही सासू आणि राधा ही सून यांच्यातील रोजची चकमक, हाच मालिकेचा विषय. राधाची भूमिका सुप्रिया पिळगावकर यांनी केली. दोघींच्या कात्रीत सापडलेला मुलगा रवी महेश ठाकूर यांनी, तर सासऱ्याची भूमिका कुलदीप पवार यांनी साकारली. सासू झालेल्या रीमा लागू त्या वेळी छत्तीस वर्षांच्या होत्या आणि सून त्यांच्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी लहान. येथेही वयाचे तेच गणित; परंतु या वेळी ते त्यांच्या पथ्यावर पडले. वयात फार अंतर नसल्यामुळे या भांडणात दोन्ही बाजू तुल्यबळ राहिल्या. सासू थकलेली, दमलेली म्हातारी नव्हती. ती खणखणीत आवाजाची, चपळ आणि सुनेइतकीच हुशार प्रतिस्पर्धी होती.

भांडणाचा प्रसंग वठवणे वाटते तितके सोपे नाही. दोघींनी एकदम बोलायचे, तरी प्रत्येक शब्द प्रेक्षकाला कळला पाहिजे. आवाज चढायचा, पण कर्कश होता कामा नये. टोमणा जिव्हारी लागला पाहिजे, पण जखम राहता कामा नये. यासाठी समोरच्या नटाच्या श्वासाची जाण असावी लागते. सुप्रिया आणि रीमा या दोघी मराठी रंगभूमीच्या संस्कारातून आलेल्या असल्यामुळे त्यांच्यात हे ताल-सुराचे नाते चटकन जुळले. त्यांची भांडणे जुगलबंदीसारखी रंगत. देवकीच्या सगळ्या कुरबुरींखाली आपले घरातील स्थान डळमळते आहे, ही भीती होती. रीमा लागू ती भीती अधूनमधून डोळ्यांत दाखवीत. म्हणून देवकी खलनायिका झाली नाही, आपल्याच घरातली वाटत राहिली. या भूमिकेसाठी त्यांना विनोदी अभिनेत्रीचा इंडियन टेली पुरस्कार मिळाला.

मालिका २००० मध्ये संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि सासू-सुनेचा विषय पुढील अनेक वर्षे कारस्थाने, अश्रू आणि ढणढणत्या पार्श्वसंगीताच्या ताब्यात गेला. जे नाते देवकी आणि राधा यांनी हसण्यावारी नेले होते, तेच आता घर मोडण्याचे कारण म्हणून दाखवले जाऊ लागले. हा बदल पाहता ‘तू तू मैं मैं’ या मालिकेचे मोल अधिक जाणवते. २००६ मध्ये ‘कडवी खट्टी मीठी’ या नावाने तिचा पुढील भाग स्टार वनवर आला. २०१३ मध्ये झी मराठीवरील ‘तुझं माझं जमेना’ या मालिकेत रीमा लागू पुन्हा सासूच्या रूपात अवतरल्या. या वेळी सुनेच्या भूमिकेत मनवा नाईक होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी, आपल्या मातृभाषेत, तोच विषय त्यांनी नव्या पिढीसमोर मांडला.

मराठी विनोदी अभिनेत्रींची मांदियाळी

रीमा लागू यांचे यश हा एकट्याचा चमत्कार नव्हता. मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकात ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या मालिकेने मराठी घरगुती विनोदाला छोट्या पडद्यावर आणले. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवरील ‘वागले की दुनिया’मध्ये भारती आचरेकर यांनी राधिका वागले साकारली. १९९३ च्या ‘जबान संभालके’मध्ये शुभा खोटे आणि त्यांची कन्या भावना बलसावर दिसल्या, ‘देख भाई देख’मध्येही भावना बलसावर होत्या. यांच्यापाठोपाठ रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर आल्या. हिंदी दूरचित्रवाणीवरील विनोदी गृहिणी एवढ्या मोठ्या प्रमाणात मराठी अभिनेत्रींनी साकाराव्यात, याचे कारण मराठी व्यावसायिक रंगभूमीत सापडते. कौटुंबिक विनोदी नाटकांची अखंड परंपरा, आठवड्याला अनेक प्रयोग आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांचा तात्काळ प्रतिसाद या तीन गोष्टींनी त्यांचे ‘टायमिंग’ घासूनपुसून तयार केले होते. कॅमेऱ्यापुढे हशा ऐकू येत नाही; तो कोठे येईल याचा अंदाज नटालाच घ्यावा लागतो. ज्याने रंगमंचावर शेकडो वेळा तो हशा ऐकला आहे, त्याचा अंदाज चुकत नाही.

उद्योगनगरी आणि छोटा पडदा

अशा मालिकांचा प्रेक्षक कोण होता, हे पाहायचे तर पिंपरी-चिंचवडसारख्या शहराकडे पाहावे. १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यापासून येथील उद्योगपर्वाला गती आली. पुढे टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नंतरच्या काळात हाच पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून आणि परप्रांतांतूनही माणसे कामासाठी आली. गावाकडचे एकत्र कुटुंब मागे राहिले आणि दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको, मुले आणि कधीतरी गावाहून आलेली आई असा नवा संसार मांडला गेला. पाळी संपवून घरी आलेला कामगार आणि दिवसभर घर सांभाळणारी गृहिणी यांना एकत्र बसवणारे साधन दूरचित्रवाणी संच हेच होते. देवकी आणि राधा यांच्यातील स्वयंपाकघराच्या ताब्यावरून होणारा वाद अशा घरांना सांगून समजवावा लागत नव्हता. भाषा हिंदी असली, तरी घर ओळखीचे होते. आणि मराठी, हिंदी, कानडी किंवा मल्याळी बोलणारे शेजारी एकाच वेळी त्यावर हसू शकत होते.

या नात्याचा प्रत्यय पुढे अनपेक्षितपणे आला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांची चाके थांबली. त्या कोंडलेल्या दिवसांत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या आणि त्यात ‘श्रीमान श्रीमती’ही होती. रीमा लागू यांना जाऊन तेव्हा जवळजवळ तीन वर्षे झाली होती. घरातली मोठी माणसे कोकीला ओळखत होती. मुले तिला प्रथमच भेटत होती. भीतीच्या त्या काळातही तो क्षणभराचा विराम आणि त्यानंतरचा हशा पूर्वीसारखाच जागेवर होता.

नाट्यवेड हा या शहराचा दुसरा धागा. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि संत तुकारामनगरमधील आचार्य अत्रे रंगमंदिर यांनी उद्योगनगरीत नाटकाचा प्रेक्षक जोपासला. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. संमेलनाध्यक्ष होते जब्बार पटेल. ज्यांच्या ‘सिंहासन’मध्ये पंचेचाळीस वर्षांपूर्वी तरुण रीमा लागू दिसल्या होत्या.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात त्यांनी मराठी चित्रपटांना अधिक वेळ दिला. ‘रेशमगाठ’मधील भूमिकेसाठी त्यांना राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘अनुमती’ आणि ‘जाऊ द्या ना बाळासाहेब’ या चित्रपटांतील त्यांची कामे लक्षणीय ठरली. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्या पडद्यावर दिसल्या नाहीत, पण निवेदन करणाऱ्या कट्यारीला त्यांचा आवाज लाभला आणि केवळ उच्चारांच्या बळावर त्यांनी एका निर्जीव वस्तूला व्यक्तिमत्त्व दिले.

२०१६ पासून त्या ‘नामकरण’ या हिंदी मालिकेत दयावंती मेहता ही करारी, नकारात्मक छटेची भूमिका करीत होत्या. १७ मे २०१७ रोजी त्यांनी मालिकेचे चित्रीकरण केले. रात्री उशिरा छातीत दुखू लागल्याने त्यांना अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात दाखल करण्यात आले. १८ मेच्या पहाटे हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. मोहन जोशी यांच्यासमवेत त्यांनी काम केलेला ‘होम स्वीट होम’ हा मराठी चित्रपट त्यांच्या पश्चात २०१८ मध्ये प्रदर्शित झाला.

त्यांच्या निधनाच्या बातम्यांत बहुतेक ठिकाणी ‘हिंदी चित्रपटातील लाडकी आई’ असाच उल्लेख होता. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. आईच्या भूमिकेत त्यांना दुसऱ्याच्या गोष्टीत हजर राहायचे होते. कोकी आणि देवकी या व्यक्तिरेखांत गोष्ट त्यांची स्वतःची होती. ‘पुरुष’मधील अंबिकेचा निश्चय, ‘सविता दामोदर परांजपे’मधील दुभंगलेपण आणि बँकेतील नोकरीतून पाहिलेले मध्यमवर्गीय जग या साऱ्याची पुंजी त्यांनी या दोन विनोदी स्त्रियांना देऊन टाकली. ज्या उद्योगाने तिशीतच त्यांना म्हातारपण बहाल केले, त्याला त्यांनी विनोदातून दिलेले उत्तर आजही पडद्यावर पाहायला मिळते. तेथे कोकी अजूनही केशवकडे रोखून पाहते, क्षणभर थांबते आणि मग बोलते.